‘तीच’ मैफल? : सीडींचा संग्रह संगणकात उतरवताना



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं सीडींवर काय बोलायचं, असं संयोजकांनाही सुरुवातीला वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, ‘तेच’ म्हणजे काय आणि ‘दुसरं’ म्हणजे काय, हे मी वर्गात आयुष्यभर शिकवलं. पण तो प्रश्न खरा अंगावर आला तो गेल्या पावसाळ्यात, संगणकाला बाहेरून जोडायच्या एका छोट्या ड्राइव्हमुळे. त्याची हकिकत सांगतो आणि मग त्यावर थोडी टीका करतो. टीका माझ्यावरही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे सहाशेच्या आसपास सीडी आहेत. बहुतेक हिंदुस्थानी संगीत, त्यातही गाणं जास्त. जुन्या प्लेअरचा कप्पा उघडेनासा झाला. दुरुस्त करणारा म्हणाला, “काका, याची लेन्स आता मिळत नाही.” नव्या लॅपटॉपला तर कप्पाच नाही. तेव्हा ठरवलं, की सगळं संगणकात उतरवून घ्यायचं. दिवसाला पाच सीडी. चार महिने लागले. सुरुवात केली त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. म्हणाला, “बाबा, कशाला एवढा खटाटोप? सगळं ऑनलाइन आहे.”

हे वाक्य म्हणजे आजच्या व्याख्यानाचा पूर्वपक्ष. ‘सगळं’ म्हणजे काय, आणि ‘आहे’ म्हणजे काय? एवढंच आज बघायचंय.

आधी शब्दाबद्दल. या कामाला ‘रिप’ करणं म्हणतात. रिप म्हणजे फाडणं. आपल्याकडे याआधी दोन शब्द होते. कॅसेटच्या काळात आपण दुकानात यादी द्यायचो आणि कॅसेट ‘भरून’ घ्यायचो. आणि त्याच्याही आधी लोक पोथी ‘उतरवून’ घ्यायचे. मला ‘उतरवणं’ हा शब्द बरा वाटतो, कारण त्यात उतरवणाऱ्याची जबाबदारी आहे. पोथी उतरवणारा चुकला, की ती चूक पुढच्या शंभर पोथ्यांत जाते.

आता सीडीत असतं काय, ते थोडक्यात. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून हे माध्यम ठरवलं आणि १९८२ मध्ये ते जपानच्या बाजारात आलं. ध्वनीची लहर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं. म्हणजे सेकंदाला चौदा लाखांहून जास्त शून्य-एक. बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर अशी ७४ मिनिटं मावतात. आपल्या संगीताच्या दृष्टीनं ही ७४ मिनिटं फार मोठी गोष्ट होती. ७८च्या तबकडीवर राग सुमारे तीन मिनिटांत आटपावा लागे, एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांत. सीडीवर विलंबित आणि द्रुत न उठता ऐकता आलं.

पण यात एक गोम आहे, आणि ती मला सीडी उतरवायला लागेपर्यंत माहीत नव्हती. तबकडीवर ओरखडा असेल तर काय होतं? सीडीवर चूक दुरुस्त करायची एक गणिती सोय असते. बहुतेक चुका ती पूर्ण भरून काढते. पण जिथे तिचं चालत नाही, तिथे प्लेअर शेजारची मोजमापं बघून मधलं अंदाजानं भरतो. संगणकाच्या फायली ठेवायची जी सीडी असते, तिच्यात दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. गाण्याच्या सीडीत तो नसतो. म्हणजे ओरखडे पडलेली सीडी आपण वर्षानुवर्षं ‘छान वाजते’ म्हणून ऐकत होतो, त्यात काही ठिकाणी प्लेअरचं अनुमान ऐकत होतो, आणि ते प्रत्यक्ष आहे असं समजत होतो. नैयायिकाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही!

उतरवून घेण्याचे जे काटेकोर प्रोग्रॅम आहेत, ते हे अनुमान चालवून घेत नाहीत. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखा प्रोग्रॅम शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो. मग आलेल्या आकड्यांवरून एक खूणसंख्या काढतो आणि ‘अ‍ॅक्युरेटरिप’ नावाच्या यादीतल्या संख्येशी ताडून बघतो. जगात इतर लोकांनी हीच सीडी उतरवली तेव्हा त्यांना काय आलं, ते त्या यादीत असतं. तुमचं आणि त्यांचं जुळलं, की उतरवलेलं बरोबर.

इथे मला मीमांसक आणि नैयायिक यांचं जुनं भांडण आठवलं. ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक पुरावा येईपर्यंत ते खरं धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. आपला साधा प्लेअर मीमांसक आहे: वाजतंय ना, मग खरं. हा प्रोग्रॅम नैयायिक आहे: दुसरा साक्षीदार आणा. या साक्षीदाराच्या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे, तो लक्षात ठेवा.

आता उतरवलेलं ठेवायचं कशात? मी फ्लॅकमध्ये ठेवलं. हा प्रकार २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात आकडे घडी घालून ठेवतात, कापत नाहीत. पैठणी घडी घालून कपाटात ठेवली म्हणून तिची लांबी कमी होत नाही. उलगडली की सगळी तशीच. एमपीथ्रीचं तसं नाही. एमपीथ्री कात्री चालवते. कानाला ऐकू येणार नाही असं तिला वाटतं ते काढून टाकते, आणि काढलेलं परत येत नाही.

इथे दर्दी लोकांच्या एका सवयीवर मला टीका करायची आहे. आमच्या वयाचे अनेक रसिक सांगतात, की फ्लॅक आणि एमपीथ्रीतला फरक आपल्याला ‘लगेच’ कळतो. काही जण तर म्हणतात, की मूळ सीडी आणि तिचं फ्लॅक यांतही फरक कळतो. दुसरं तर अशक्यच आहे. उलगडल्यावर आकडे तेच, एक बिटही इकडचं तिकडे नाही. फरक ऐकू आला तर तो आवाज कमीजास्त ठेवल्याचा असेल, यंत्राचा असेल, नाहीतर मनाचा.

पहिल्या दाव्याची मी स्वतःवर परीक्षा घेतली. नातवाला सांगितलं, मला न सांगता एकदा हे लाव, एकदा ते लाव. दहा वेळा. एमपीथ्री चांगल्या दर्जाची होती. दहांपैकी सहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते. आणि ज्या तंबोऱ्याच्या झंकारावर माझा भरवसा होता, तिथेच मी सपशेल चुकलो. सत्तरीनंतर कानाला वरच्या पट्टीचे सूक्ष्म आवाज कमीच ऐकू येतात, हे वैद्यकातलं साधं सत्य आहे. आपला अहंकार तेवढा ते ऐकून घेत नाही.

मग मी फ्लॅक का धरलं? कारण मी माझ्या कानासाठी उतरवत नव्हतो. पुढे कोणीतरी त्या फायलीवरून दुसरी फाईल करणार. कापलेल्यावर पुन्हा कात्री चालली, की नुकसान वाढत जातं. संग्रह करणारा मालक नसतो, विश्वस्त असतो. विश्वस्तानं आपल्या बहिरेपणाचं माप इतरांना लावू नये.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. उतरवणं काटेकोर, ठेवणं काटेकोर. मग मी एक दिवस एका थोर गायकाच्या जुन्या ७८च्या तबकड्यांवरून काढलेल्या दोन वेगवेगळ्या सीडी उतरवल्या. दोन्हींत एकच गाणं. दोन्हींना प्रोग्रॅमनं ‘बिनचूक’ असा शेरा दिला. आणि वाजवून बघतो तर काय, दोन्हींची पट्टी वेगळी! एकीत आवाज थोडा चढा, दुसरीत उतरलेला.

कारण असं. ‘७८’ हे नाव आहे, प्रत्यक्षात त्या काळातल्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. तबकडी वरचा वेग गृहीत धरून वाजवली तर पट्टी चढते, लयही वाढते. कुठल्या तरी स्टुडिओत कुणीतरी एक वेग निवडला. खरखर किती काढायची तेही निवडलं, आणि खरखरीबरोबर आवाजाची थोडी कडाही गेली. ती निवड सीडीवर कायमची झाली. मी तिची बिनचूक नक्कल केली. म्हणजे मी चूक बिनचूक उतरवली.

आपल्याकडे प्रत्यभिज्ञेची चर्चा आहे. ‘हा तोच देवदत्त’ असं आपण म्हणतो, तेव्हा काल पाहिलेला आणि आज पाहिलेला यांना एक करतो. बौद्ध म्हणतात, जपून! दिव्याची ज्योतही तुम्हाला ‘तीच’ वाटते, पण क्षणाक्षणाला वेगळी असते. कापलेली नखं पुन्हा वाढतात, त्यांनाही तुम्ही ‘तीच’ म्हणता. सारखेपणा आणि एकपणा यांत घोळ करू नका.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६८च्या आपल्या पुस्तकात याच्या जवळचा एक भेद केला आहे. चित्राची बनावट नक्कल होऊ शकते, पण लिहिलेल्या संगीताची होत नाही. त्या संहितेची प्रत्येक अचूक प्रत ही तीच संहिता असते. आकड्यांचं असंच आहे. फाईलची अचूक प्रत म्हणजे नक्कल नव्हेच, ती तीच फाईल. पण ख्याल ही संहिता नाही. त्या संध्याकाळी, त्या गळ्यातून, त्या तबलजीबरोबर घडलेली ती घटना आहे. फाईल ‘तीच’ आहे याचा अर्थ मैफल ‘तीच’ आहे असा होत नाही. बिनचूकपणा सीडीपासून संगणकापर्यंतचा आहे. गळ्यापासून सीडीपर्यंतच्या प्रवासाबद्दल तो काही बोलत नाही.

म्हणून मला त्या प्रवासाची नोंद महत्त्वाची वाटते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्या तबकडीच्या आवरणावर ती किती वेगानं फिरवायची, हेही आकृतीनं कोरलेलं आहे. परग्रहावरच्या अनोळखी जिवासाठी आपण वेग लिहून ठेवला. आपल्याच नातवंडांसाठी ठेवला नाही.

आता नोंदीकडेच येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. ध्वनी उतरवणं यंत्रानं सोडवलं. नाव उतरवणं मात्र यंत्रानं बिघडवलं.

संगणकात फाईलला चिठ्ठी लावायची असते. रकाने तीन-चार: कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, क्रमांक. पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांच्या सोयीनं बेतलेले. आपल्याकडे राग कुठे लिहायचा? ताल? बंदिशीचा मुखडा? साथीदार? कुठल्या गावी, कुठल्या साली? प्रोग्रॅम इंटरनेटवरून आपोआप चिठ्ठ्या आणतो, त्या कुणीतरी भरलेल्या असतात. एका सीडीत ‘जयजयवंती’, दुसऱ्या सीडीत ‘जैजैवंती’. संगणकाच्या लेखी ते दोन राग. एका सीडीवर तर ‘कलाकार: विविध, राग: ट्रॅक २’ असं आलं.

विलंबित आणि द्रुत या दोन वेगळ्या फायली झाल्या. एमपीथ्री करताना दोन्हींच्या टोकांना शांततेचा बारीकसा तुकडा चिकटतो, आणि वाजवणाऱ्या प्रोग्रॅमनं तो वगळला नाही तर नेमका समेच्या तोंडाशी ठेचकाळल्यासारखं होतं. एकदा फोनवर नातवाचा ‘शफल’ चालू राहिला होता. आधी द्रुत, मग भजन, मग त्याच रागाचं विलंबित! जेवण संपल्यावर वरणभात वाढावा तसं.

हे हसण्यावारी नेता येईल. पुढचं नेता येत नाही.

आमच्या गल्लीत एक बाई राहतात. त्यांचे वडील हार्मोनियमची साथ करायचे. नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल, आणि तोच तर मुद्दा आहे. त्यांच्या नातीला शाळेत आजी-आजोबांवर काहीतरी लिहायचं होतं. तिनं फोनवर गाण्यांच्या एका सेवेत पणजोबांचं नाव शोधलं. काहीच नाही. बाई माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, “सर, बाबांनी खरंच वाजवलं होतं ना हो? की आम्हीच घरात सांगत आलो?”

मी सीडी काढली. आतल्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, तबलजीच्या खाली त्यांचं नाव होतं. तेच मुद्रण त्या सेवेत ऐकायला मिळतं. गायकाचं नाव आहे, मुखपृष्ठाचं चित्र आहे. पुस्तिका मात्र नाही. नातीनं भिंग घेऊन ते नाव वाचलं.

मंडळी, माझ्या मुलाच्या ‘सगळं ऑनलाइन आहे’ याला माझं उत्तर हे आहे. हार्मोनियमचा प्रत्येक स्वर ऑनलाइन आहे. वाजवणारा नाही.

ही चूक कुणा एकाच्या दुष्टपणाची नाही, हेही म्हटलं पाहिजे. रकाना नसेल तर भरणारा काय भरणार? पण रकाने ठरवणं हे तटस्थ काम नसतं. कोण मुख्य आणि कोण बाजूचा, हे त्यात आधीच ठरतं. आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. साथीदाराचं नाव पत्रिकेवर बारीक छापायची रीत यंत्रानं आणली नाही, ती आपलीच. यंत्रानं फक्त ते बारीक अक्षर पुसून टाकलं.

आपल्या मुद्रणाच्या अगदी सुरुवातीला, १९०२ मध्ये, गौहर जान गायल्या तेव्हा गाणं संपता संपता त्या आपलं नाव तबकडीत स्वतः सांगायच्या. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला कळावं, हा कोणाचा आवाज. ते नाव ध्वनीतच आहे. पण त्यांच्यामागे सारंगी कोण वाजवत होतं? त्यांना नाव सांगायची पाळी आली नाही.

तर मी काय केलं? सहाशे पुस्तिका स्कॅन केल्या. प्रत्येक फाईलच्या ‘टिप्पणी’ नावाच्या रकान्यात साथीदार, राग, ताल, स्थळ आणि साल देवनागरीत टाइप केलं. जिथे छापलेलंच नव्हतं तिथे ‘नोंद नाही’ असं लिहिलं. मोकळं सोडलं नाही. मोकळी जागा आणि अभावाची नोंद यांत फरक असतो. घट नसणं हेही ज्ञानच आहे, असं आपले लोक उगीच म्हणाले नाहीत. चार महिन्यांतले तीन महिने यातच गेले.

आता साक्षीदाराचा मुद्दा. माझ्या संग्रहात बाजारात कधीच न आलेल्या अशा आठ-दहा सीडी आहेत. घरगुती बैठकी, आधी कॅसेटवर घेतलेल्या, मग कुणीतरी घरच्या संगणकावर सीडीवर लिहिलेल्या. अशा सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो थर काळानं, उन्हानं, दमटपणानं खराब होतो. त्यातली एक लावली. प्रोग्रॅम म्हणाला, ही तबकडी यादीत नाही. बरोबरच आहे, तिची दुसरी प्रतच नाही. साक्षीदार कुठून आणणार? आणि पुढे अकराव्या मिनिटाला तो अडला. दोन तास तोच तुकडा वाचत राहिला. शेवटी चाळीस सेकंद गेले ते गेलेच.

त्या बैठकीत यजमान मित्राचा आवाज आहे. मध्यंतरात तो आतल्या खोलीकडे बघून “चहा टाका गं” म्हणतो. तो मित्र आता नाही. ते वाक्य वाचलं. गेलेल्या चाळीस सेकंदांत एक तान होती, ती गेली.

ओळखीच्या एका तरुणानं सुचवलं, की दोन्ही बाजू जोडून सफाईनं भरून देतो, कळणारही नाही. मी नको म्हटलं. कळणार नाही, हीच तर अडचण. चाळीस सेकंद शांतता ठेवली आणि टिप्पणीत लिहिलं: ‘इथे तबकडी वाचता आली नाही.’ जिथे दुसरा साक्षीदार नाही, तिथे उतरवणाऱ्यानं निदान स्वतः खोटा साक्षीदार होऊ नये.

शेवटची टीका माझ्यावर. चार महिन्यांत मी सहाशे सीडी उतरवल्या आणि एकही धड ऐकली नाही. हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली की पुढची. मला वाटत होतं मी संगीताची सेवा करतोय. मी कारकुनी करत होतो. आता सगळं बोटाच्या टोकावर आहे आणि बोट थांबत नाही. दोन मिनिटं हे, तीन मिनिटं ते.

यावर ‘पूर्वीचं सगळं चांगलं होतं’ असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. सीडी आली तेव्हा एलपीवाले रडले होते, आणि त्याच्याही आधी तीन मिनिटांत राग कसा मावणार म्हणून जाणकार हळहळले होते. तरी त्या तीन मिनिटांतही काही जणांनी राग उभा केला. माध्यम मर्यादा घालतं. ऐकायला बसायचं की नाही, ते आपण ठरवतो.

म्हणून आता एक नियम केला आहे. रात्री एकच मैफल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोन दुसऱ्या खोलीत. ऐकण्याआधी साथीदारांची नावं वाचायची.

ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी दोन ओळी. घरी लिहिलेल्या सीडी आधी उतरवा, बाजारातल्या नंतर; बाजारातल्यांना जगात भावंडं आहेत. सगळं मिळून खिशात मावेल अशा डिस्कवर बसतं, पण ती डिस्कही एक दिवस मरते, तेव्हा दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. सीडी टाकू नका. पुस्तिका तर मुळीच टाकू नका.

मुलाला मी एक प्रत पाठवली. आठवड्यानं त्याचा फोन आला. म्हणाला, “बाबा, त्या चहाच्या वाक्यानंतर मागून कोणीतरी हसतं. ती आई आहे का?”

मी ते ऐकलंच नव्हतं. परत लावून बघितलं. आईच आहे.

टिप्पणीत तिचंही नाव लिहिलं आहे. बरं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.